सरकीवरच्या तंतूची संगत

कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली होती. पेशी म्हटली की सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी, नुसत्या डोळ्यांना न गवसणारी वस्तू, ही आपली शाळेपासूनची समजूत. इथे मात्र सरकीच्या सालीवरची एक पेशी फूल उमलतं त्याच दिवशी फुगते, सालीच्या वर डोकं काढते आणि पुढच्या अडीच-तीन आठवड्यांत वाढत वाढत अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते. जाडी माणसाच्या केसाहून कितीतरी कमी. अंगातला सुती सदरा, अंथरुणावरची चादर, देवापुढची वात, हे सगळं अशा सुट्या पेशींचं बनलेलं आहे. त्या पेशी कधीच्या मेलेल्या असतात, त्यांची भिंत तेवढी मागे उरलेली असते.

मुंबईतल्या काळाचौकीत वाढलेल्या माणसाला कापूस हा शब्द नवा नसतो. हार्बर लाइनवर रे रोड आणि शिवडी यांच्या मधल्या स्टेशनचं नावच कॉटन ग्रीन. मूळची ‘कॉटन ग्रीन’ म्हणजे फोर्टातलं मोकळं मैदान, जिथे कापसाच्या गाठी रचलेल्या असायच्या. एकोणिसाव्या शतकात तो बाजार कुलाब्याला गेला आणि १९२० च्या दशकात माझगाव-शिवडीकडे समुद्र हटवून पोर्ट ट्रस्टने जी जमीन तयार केली होती, तिथे आला. जागा दोनदा बदलली, नाव तेच राहिलं. स्टेशनसमोर कॉटन एक्स्चेंजची इमारत आजही उभी आहे आणि कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाचं कार्यालय तिथेच आहे. कापसाचा भाव अजून खंडीवर बोलला जातो. खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो, आणि गाठ म्हणजे १७० किलो.

या बाजारातला जाणकार माणूस गाठीतून चिमूटभर रुई उपसतो, दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरून ओढतो, पुन्हा जुळवतो, पुन्हा ओढतो. चार-पाच वेळा असं केलं की तंतू एकमेकांना समांतर होतात आणि त्यांची लांबी नजरेने सांगता येते. सत्तावीस मिलिमीटर की एकोणतीस, यावर भाव फिरतो. दोन मिलिमीटर म्हणजे फार नाही असं आपल्याला वाटेल, पण सूत किती बारीक कातता येईल हे बरंचसं त्या लांबीवर ठरतं. याच प्रश्नासाठी १९२४ मध्ये माटुंग्याला एक प्रयोगशाळा उघडली गेली. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीची ती तांत्रिक प्रयोगशाळा आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून चालते. तंतू किती लांब, किती मजबूत, किती बारीक, हे आता यंत्र काही सेकंदांत सांगतं.

लांब का, हे मात्र ते यंत्र सांगत नाही. दोन्ही झाडं कापसाचीच, दोन्ही सरक्यांवरच्या पेशी त्याच कामाला लागलेल्या, मग एकीचा तंतू वीस मिलिमीटरला थांबतो आणि दुसरीचा तिसापर्यंत जातो, असं का व्हावं?

उत्तर जनुकांत आहे असं आपण पटकन म्हणून टाकतो. आपल्याकडे बहुतेक शेतांत लावला जातो तो अमेरिकन जातीचा कापूस. त्याच्या जनुकसंचाचं वाचन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. जनुकं निघाली सुमारे ७० हजार, माणसाच्या साडेतीनपट. पण मतदारयादी हातात आली म्हणून गाव कळत नाही. नाव, वय, घर क्रमांक सगळं असतं. कोण कोणाच्या शब्दाला मान देतो, पाण्याचा नळ कोण सोडतो, ते यादीत नसतं. कापसाच्या यादीतल्या कितीतरी जनुकांपुढे ‘काम’ हा रकाना रिकामाच होता, आणि जिथे तो भरलेला होता तिथेही बहुतेक वेळा दुसऱ्या झाडातल्या तशाच जनुकावरून अंदाज बांधलेला होता.

शिवाय महाराष्ट्रातल्या कापूसवाल्यांच्या मनात जनुक म्हणजे काय, याचं चित्र बीटीने घडवलं आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. जिवाणूतून उचललेलं एक जनुक, त्यापासून होणारं एक प्रथिन, आणि ते खाऊन मरणारी बोंडअळी. त्या जनुकाला कापसाच्या झाडात कुणाशी नातं जोडावं लागत नाही. तो भाडेकरू आहे, आपली खोली उघडतो आणि आपलं काम करतो. त्यामुळे प्रत्येक गुणाचं एक जनुक असतं, ते सापडलं की गुण सापडला, असा समज पक्का झाला. तंतूच्या लांबीला हा हिशेब लागू पडत नाही. तिच्यामागे शेकडो जनुकं आहेत आणि त्यांतलं एकही एकट्याने लांबी ठरवत नाही.

एखाद्या जनुकाचं काम त्याच्या शेजाऱ्यांशिवाय कळत नाही, याचा सगळ्यात स्वच्छ दाखला कॉटन ग्रीनपासून दूर नाही. काळाचौकी, लालबाग ओलांडून परळला केईएम रुग्णालयापर्यंत गेलं की झालं.

१९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी, लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह, एका विचित्र रक्ताची नोंद केली. मुंबईत अशी तीन माणसं सापडली होती. त्यांच्या तांबड्या पेशींवर ‘ए’ नव्हतं, ‘बी’ नव्हतं, म्हणजे नेहमीच्या तपासणीत रक्तगट ‘ओ’ यायला हवा. पण ‘ओ’ गटाचं रक्तही त्यांना चालेना. सर्वांना चालणारं म्हणून ज्याची ख्याती, तेच रक्त त्यांचं शरीर परकं ठरवत होतं. या गटाला जगभर ‘बॉम्बे’ हे नाव मिळालं. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो, युरोपात तो फारच विरळ.

उलगडा असा. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंची एक आखूड साखळी असते. तिच्या टोकाला एक विकर फ्यूकोज नावाची साखर जोडतं. तयार होतं त्याला ‘एच’ म्हणतात. त्यानंतर ‘ए’ जनुकाचं विकर येऊन आपली साखर जोडतं, किंवा ‘बी’चं विकर आपली. ‘ओ’ गटाच्या माणसात पुढचं कुणीच काही जोडत नाही, नुसतं ‘एच’ राहतं. बॉम्बे गटात पहिल्या पायरीचं जनुकच निकामी असतं. ‘एच’ तयार होत नाही, म्हणून ‘ए’ आणि ‘बी’ची विकरं ठणठणीत असली तरी त्यांना आपली साखर टेकवायला जागा नाही. अशा माणसाच्या गुणसूत्रात ‘बी’ जनुक अगदी शाबूत असू शकतं आणि ते त्याच्या मुलात उघड दिसू शकतं. त्याच्या स्वतःच्या रक्तात मात्र त्याची काहीच खूण नसते.

‘एच’चं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर, ए-बीचं नवव्या. जागेने त्यांचा काही संबंध नाही, पण कामाने एकाच्या हातावर दुसऱ्याचा हात आहे. ‘बी’ जनुकाचा नुसता क्रम वाचून कुणी सांगितलं असतं की या माणसाचा गट ‘बी’ आहे, तर ते चुकलं असतं. म्हणून मला परळचा हा शोध रक्तपेढीपुरता वाटत नाही. जनुकाचा अर्थ साखळीतल्या त्याच्या जागेवरून लावायचा असतो, हे तीन मुंबईकरांच्या रक्ताने दाखवून दिलं होतं.

आता तीन दुव्यांच्या साखळीऐवजी हजारो दुव्यांचं जाळं डोळ्यांपुढे आणा. जाळ्याचे दोनच भाग असतात, गाठी आणि दोरे. (बाजारातली गाठ वेगळी, ही कोळ्याच्या जाळ्यातली.) प्रत्येक जनुक किंवा प्रथिन ही एक गाठ. दोन गाठींत काही नातं दिसलं की त्यांच्यामध्ये एक दोरा. नातं कोणतं, हे आधी ठरवावं लागतं आणि सगळी मेख तिथेच आहे. जीवशास्त्रज्ञ मुख्यतः दोन प्रकारचे दोरे ओढतात. एक स्पर्शाचा, म्हणजे दोन प्रथिनं पेशीत एकमेकांना प्रत्यक्ष चिकटतात. दुसरा तालाचा, म्हणजे दोन जनुकं एकाच वेळी जागी होतात आणि एकाच वेळी निजतात.

स्पर्श ओळखायची एक सुरेख युक्ती स्टॅन्ली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी १९८९ मध्ये काढली. यीस्टमध्ये एक प्रथिन आहे, ते एका जनुकाचं बटण दाबतं. त्याचे दोन तुकडे केले तर बटण दाबलं जात नाही. आता एका तुकड्याला तुमच्या मनातलं पहिलं प्रथिन जोडा, दुसऱ्या तुकड्याला दुसरं. ही दोन प्रथिनं एकमेकांना धरत असतील, तर तुटलेले तुकडेही जवळ येतात, बटण दाबलं जातं आणि यीस्टचा ठिपका निळा होतो. निळा ठिपका म्हणजे एक दोरा. हे हजारो जोड्यांवर करायला सुरुवात झाली आणि २००० पर्यंत यीस्टच्या प्रथिनांचं एक मोठं जाळं हाती आलं. त्या वर्षी श्विकोव्स्की, उएट्झ आणि फील्ड्स यांनी तोवरच्या नोंदी एकत्र केल्या. १,५४८ प्रथिनं आणि त्यांच्यातली २,३५८ नाती.

मग त्यांनी केलं ते आपल्या आज्यांना सहज पटलं असतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. एखाद्या प्रथिनाचं काम ठाऊक नसेल तर त्याचे शेजारी काय करतात ते पाहायचं. बहुतेक शेजारी पेशीविभाजनात गुंतलेले असतील, तर हेही त्याच कामातलं धरायचं. पद्धत खरी की खोटी हे तपासायला त्यांनी ज्यांचं काम आधीच माहीत होतं अशा प्रथिनांवरही ती चालवली, जणू ते माहीतच नाही असं समजून. ७२ टक्के वेळा उत्तर बरोबर आलं. त्या जोरावर त्यांनी साडेतीनशेहून जास्त अनोळखी प्रथिनांच्या कामाबद्दल अंदाज मांडले. मला यातली ७२ ही संख्या आवडते. ती नशिबाने लागावी इतकी लहान नाही, आणि डोळे मिटून विश्वास ठेवावा इतकी मोठीही नाही.

तालाच्या दोऱ्याची गोष्ट कापसापासून सुरू होते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

पक्व तंतूचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोज असतो. निसर्गात इतकं शुद्ध सेल्युलोज क्वचितच मिळतं. जगातलं लाकूड, कागद, सुती कापड याच पदार्थावर उभं आहे. तरीही वनस्पती ते कोणत्या जनुकाच्या जोरावर बनवतात, हे वीसेक वर्षं प्रयत्न करूनही सापडत नव्हतं. जिवाणूतलं जनुक मिळालं होतं, वनस्पतीतलं हुलकावणी देत होतं. पेशी फोडून विकर वेगळं काढायला गेलं की ते काम करायचंच थांबे.

१९९६ मध्ये डेबोरा डेल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाट बदलली. त्यांनी कापसाचा तंतू घेतला, आणि तोही ठरावीक वयाचा. फूल उमलल्यापासून साधारण सोळा ते वीस दिवसांच्या सुमारास तंतूचं आयुष्य वळण घेतं. लांबी वाढणं मंदावतं आणि आतून सेल्युलोजचे थरावर थर चढू लागतात. त्या टप्प्यावर पेशीत कोणती जनुकं जागी आहेत ते त्यांनी वाचलं. त्या ढिगात जिवाणूच्या जनुकाशी नातं सांगणारी दोन जनुकं सापडली, आणि सेल्युलोज चढायला लागतं नेमक्या त्याच वेळी ती जोरात चालू होत होती. वनस्पतीतलं सेल्युलोज बनवणारं जनुक असं हाती लागलं. साक्ष दोन गोष्टींनी दिली, चेहऱ्याने आणि वेळेने. त्यातली वेळ तर कापसाच्या तंतूवरच इतकी स्वच्छ वाचता आली असती, कारण इथे हजारो पेशी एकाच दिवशी निघतात आणि एकाच दमात वाढतात.

पुढचा भाग नऊ वर्षांनी घडला. मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस हे चिमुकलं झाड प्रयोगशाळांचं लाडकं. त्यावर जगभर झालेल्या प्रयोगांतली जनुकांच्या चालू-बंदची मापं तोवर सर्वांसाठी खुली झाली होती. २००५ मध्ये दोन गटांनी, एक अमेरिकेतल्या स्टॅन्फर्डचा आणि एक इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा, जवळपास एकाच वेळी एकच विचार केला. खोडातल्या जाड भिंतींचं सेल्युलोज बनवणारी तीन जनुकं आता माहीत आहेत. मग या तिघांच्या तालावर आणखी कोण कोण नाचतं? शेकडो प्रयोगांच्या मापांत त्यांनी असे साथीदार शोधले आणि यादी केली. त्यांतली काही जनुकं सेल्युलोजशी संबंधित असतील असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

इथे थांबले असते तर तो फक्त अंदाज राहिला असता. दोन्ही गटांनी त्या यादीतली जनुकं मोडलेली झाडं वाढवली. त्यांतल्या काही झाडांच्या खोडातल्या पाण्याच्या नळ्या आत दबून वेड्यावाकड्या झाल्या होत्या. भिंत नीट बांधली गेली नव्हती. म्हणजे ताल जुळला होता तो कामामुळेच. पुढे २०१० मध्ये यीस्टच्या निळ्या ठिपक्याच्याच युक्तीने सेल्युलोजच्या विकराला धरणारं एक नवं प्रथिन सापडलं. पेशीच्या आत नळीसारख्या रुळांचं जाळं असतं. विकराला त्या रुळांशी बांधून ठेवायचं काम हे प्रथिन करतं. तालाचे दोरे आणि स्पर्शाचे दोरे एकाच ठिकाणी येऊन मिळाले.

कापसाच्या तंतूवर आता हेच होत आहे, अधिक बारकाईने. पद्धत सांगायला सोपी आहे. फूल उमललेल्या दिवसापासून पाचव्या, दहाव्या, पंधराव्या, विसाव्या, पंचविसाव्या दिवशी बोंडं तोडायची, तंतू वेगळे करायचे आणि प्रत्येक दिवशी सत्तर हजारांपैकी कोणतं जनुक किती जोरात चालू आहे ते मोजायचं. प्रत्येक जनुकाचा एक आलेख मिळतो. मग प्रत्येक आलेख दुसऱ्या प्रत्येक आलेखाशी ताडून पाहायचा. स्टीव्ह होर्वाथ आणि बिन झांग यांनी २००५ मध्ये यासाठी गणिती रीत मांडली आणि २००८ पासून तिची संगणक-प्रणाली सर्वांना फुकट मिळते. या रीतीत नातं आहे किंवा नाही असं तोडून सांगत नाहीत. प्रत्येक दोऱ्याला जाडी असते, ताल जितका घट्ट तितका दोरा जाड. जाड दोऱ्यांनी बांधलेल्या जनुकांचे समूह आपोआप वेगळे दिसू लागतात. कुणी तंतू फुटताना जागं होतं, कुणी लांबताना, कुणी सेल्युलोज चढताना. अशा समूहात ज्या गाठीला सर्वांत जास्त जाड दोरे येऊन मिळतात, तिच्यावर पहिली नजर.

एखादी गाठ खरोखर किती महत्त्वाची हे तिला मोडल्यावरच कळतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये कापसातलं एक नियंत्रक जनुक गप्प केलं. सरक्या निघाल्या पूर्ण बोडक्या, तंतू उगवलाच नाही. गंमत अशी की झाडाच्या पानांवरची आणि इतर ठिकाणची लव मात्र नेहमीसारखीच होती. म्हणजे हे जनुक सर्वसाधारण केसांचा कारभारी नव्हता, खास सरकीवरच्या पेशीला जागं करणारा होता.

लांबीबद्दलचा सर्वांत बोलका प्रयोग शांघायचा, २०१४ चा. एचओएक्स-३ नावाचं प्रथिन दाबून टाकलं तर तंतूची लांबी ८० टक्क्यांहून अधिक घटली. मग लांबीचं जनुक सापडलं का? तसं म्हणता येत नाही, कारण हे प्रथिन एकट्याने फारसं काही करत नाही. त्याला एक जोडीदार लागतो. दोघं मिळून भिंत सैल करणाऱ्या जनुकांची बटणं दाबतात आणि पेशी ताणली जाते. पण पेशीत एक तिसरंही प्रथिन असतं, जे एचओएक्स-३ ला स्वतःच पकडून ठेवतं, जोडीदारापर्यंत जाऊ देत नाही. जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक आलं की पेशी या तिसऱ्याला मोडून टाकते, वाट मोकळी होते आणि तंतू लांबतो. तीन गाठी, दोन दोरे आणि एका संप्रेरकाची चाहूल. लांबी यांतल्या कुणा एकाकडे नाही. कोण कुणाला कधी धरतं आणि कधी सोडतं, त्यावर ती अवलंबून आहे.

जाळ्याच्या या रीतीवर माझा जीव आहे, म्हणूनच ती कुठे फसवते तेही सांगायला हवं. सकाळी ठरलेल्या लोकलला कॉटन ग्रीनच्या फलाटावर रोज तीच माणसं उभी असतात. चेहरे ओळखीचे होतात, सुपारी दिली-घेतली जाते. वर्षभर निरीक्षण करणारा कुणी म्हणेल, ही सगळी एकाच कचेरीतली. प्रत्यक्षात एक बंदरात उतरतो, एक वाशीच्या शाळेत, एक मार्केटात. वेळ एक, काम वेगळं. जनुकांचंही असंच. सेल्युलोज चढताना पेशी इतर शंभर कामंही करत असते आणि ती सगळी जनुकं त्याच तालात दिसतात. यीस्टच्या निळ्या ठिपक्यांचाही भरवसा धरता येत नाही. काही प्रथिनं स्वभावतःच चिकट असतात, दिसेल त्याला धरतात. काही जोड्या यीस्टमध्ये जबरदस्तीने एकत्र आणल्या म्हणून भेटतात. मूळ पेशीत त्या वेगवेगळ्या दालनांत राहतात आणि जन्मात कधी भेटत नाहीत. आणखी एक खोट अशी की ज्या प्रथिनावर वर्षानुवर्षं अभ्यास झाला, त्याच्याभोवती दोरे जास्त नोंदले जातात. नकाशात ते मोठं दिसतं, आणि त्याचं थोडं श्रेय त्याच्या प्रसिद्धीचं असतं.

कापसात तर आणखी एक गुंता आहे. अमेरिकन कापसात दोन जुनी घराणी एकत्र नांदतात. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी आपल्या देशी कापसाच्या नात्यातली एक वनस्पती आणि अमेरिकेतली एक रानटी वनस्पती यांचा संकर झाला, आणि दोघांचेही पूर्ण जनुकसंच एकाच झाडात राहिले. त्यामुळे बहुतेक जनुकांच्या जुळ्या प्रती आहेत. एक मोडली तर दुसरी काम उचलते आणि झाडाला काहीच झालेलं दिसत नाही; संशोधकाला वाटतं, हे जनुक बिनकामाचं. विशेष म्हणजे त्या रानटी अमेरिकन पूर्वजाला कातण्याजोगा तंतूच नव्हता. तरीही दोघांच्या वंशात तंतू लांब आणि बारीक झाला. नव्या शेजारामुळे जुन्या जनुकांचे दोरे नव्याने बांधले गेले असावेत, असं जाळी पाहणारे मानतात, आणि दोन घराण्यांच्या प्रती जाळ्यात वेगवेगळ्या ठिकाणी बसलेल्या दिसतातही.

आपल्या दृष्टीने याचं मोल देशी कापसात आहे. जगात चार जातींचा कापूस लागवडीखाली आहे आणि चारही जाती लावणारा देश भारत एकटाच. देशी कापूस पाण्याची ओढ सोसतो, रस शोषणाऱ्या किडींना सहसा दाद देत नाही, कोरडवाहू मराठवाड्याला आणि विदर्भाला तो मानवतो. त्याचं एकच दुखणं, तंतू आखूड. गिरण्यांना लांब तंतू हवा होता, आणि पर्‍हाटीच्या शेतांतून देशी वाण हळूहळू हटत गेले. परभणीच्या महबूब बाग कापूस संशोधन केंद्राने वर्षानुवर्षं संकर आणि निवड करून लांब तंतूचे देशी वाण काढून दाखवले. म्हणजे देशी झाडाला लांब तंतू परका नाही, त्याची वाट त्या झाडात आहे. संकर करणाऱ्याला ती वाट झाडाच्या वागण्यावरून शोधावी लागते, पिढीमागून पिढी. जाळ्याच्या नकाशाने ती शोधायला वेळ कमी लागू शकतो.

त्या वाटेवरचा कळीचा टप्पा मला तरी तोच सोळाव्या ते विसाव्या दिवसाचा वाटतो. ज्या जातींचा तंतू सर्वांत लांब, त्या लांबण्याचं काम जास्त दिवस चालू ठेवतात आणि सेल्युलोज चढवायला उशिरा लागतात. लांबवणारा समूह निजायला लागतो आणि भिंत भरणारा समूह जागा होतो, त्या दोघांमध्ये निरोप कोण नेतं? उमेदवार बरेच आहेत. त्यांना एकेक करून मोडून पाहावं लागेल, आणि जुळी प्रत असेल तर दोन्ही एकदम.

हे सगळं सुरू होतं ते शेतात, आणि अगदी साध्या कामाने. अमेरिकन कापसाचं फूल पहिल्या दिवशी सायीसारखं पांढरट असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. त्यामुळे सकाळीच तासांतून फिरून पांढरी फुलं तेवढी हेरावी लागतात. प्रत्येकाच्या देठाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधतात, तिच्यावर फक्त तारीख असते. पंधरा-वीस दिवसांनी ती तारीख वाचून हिरवं, मिटलेलं बोंड तोडलं जातं.